पाणी रस्त्यावर, धूळ गिरणीत

मा. संपादक,
स. न.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या यादीत जळगाव आहे. मात्र हवा सुधारायची म्हणजे रस्त्यावर टँकर फिरवायचा, एवढाच अर्थ आपल्याकडे उरला. खान्देशातल्या मे महिन्यात ते पाणी टिकते किती? डांबराकडेची मोकळी माती पेव्हर ब्लॉकने झाकली, तर ट्रकमागे उडायला माती उरणार नाही. पाणी मारायचेच तर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेवर मारा: 15 ते 20 टक्के पाण्याने भिजवलेली आणि ताडपत्रीने घट्ट बांधलेली राख डंपरमधून उडत नाही.

खरा प्रश्न दालमिलच्या धुळीचा. नुसता सायक्लोन (हवा गरगरा फिरवून धूळ खाली पाडणारे नरसाळे) जाडी चुनी आणि टरफल पकडतो. छातीत उतरणारी 2.5 मायक्रॉनची धूळ त्यातून सरळ निसटते. त्यापुढे बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून हवा गाळणारे यंत्र, हवेच, आणि तो बसवून विसरायची वस्तू नाही. पिशव्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक मॅनोमीटर (दाबमापक) दाखवतो, तो रोज वहीत लिहावा. साधारण 100 ते 150 मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका फरक ठीक. तो वाढतच गेला तर पिशव्या तुंबल्या. एकाएकी उतरला तर बहुधा एखादी फाटली. पिशव्या झटकायला कॉम्प्रेसरची हवा सोडतात, तिच्यात पाणी राहिले की डाळीचे पीठ पिशवीवर लेपासारखे बसते, हवेच्या झटक्यांनीही सुटत नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीतले साचलेले पाणी रोज सोडावे. सायक्लोनखालचा, भुकटी बाहेर सोडणारा फिरता रोटरी व्हॉल्व्ह गळका असेल तर खालून हवा आत ओढली जाते आणि पकडलेली भुकटी पुन्हा वर चढते. त्याच्या रबरी पट्ट्या वेळेवर बदलाव्यात. ही भुकटी ठिणगीने भडकते, तेव्हा पिशव्या अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणाऱ्या) घ्याव्यात आणि सांगाड्याला अर्थिंग द्यावे. यात काटकसर नको.

डिझेल ट्रकचा काळा धूर बहुतेकदा चोंदलेला एअर फिल्टर, गळके इंजेक्टर किंवा टर्बोचा फाटका होज यांतून येतो. पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराच्या चाचणीत, तो दिसायला हवा. बीएस-4 (भारत स्टेज-4 प्रदूषण मानक) गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा 1.62 प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना 2.45. पण अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच दाबला किंवा मापकाची नळी सायलेन्सरमध्ये पुरती घातली नाही, की आकडा आपोआप खाली येतो. शिवाय चाचणी न्यूट्रलमध्ये होते, ओव्हरलोडचा धूर तिला कळत नाही. परिवहन विभागाने हायवेवरच्या वजनकाट्याशेजारीच धूरमापक ठेवावा आणि भरलेल्या गाडीचे वजन व धूर एकाच वेळी तपासावा.

– औद्योगिक देखभाल क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, जळगाव