अंधारबाव फोटोसाठी बांधलेली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला पन्हाळ्याचा लेख वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. आधी फोटोचं सांगते. अर्ध्या पानावर तीन दरवाजाचा फोटो छापून खाली ‘चार दरवाजाची भव्य कमान’ असं लिहिलंय. चार दरवाजा 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावात इंग्रजांनी पाडला. त्याची कमान आज कुठून आणणार? तीन दरवाजा पश्चिम अंगाला, त्यावर फारसी शिलालेख आहे. कोल्हापुरातून निघणाऱ्या पेपरात ही चूक व्हावी याचं फार वाईट वाटलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पेपरानं केली असती तर एवढं लागलं नसतं.

पण मी पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही. लेखात अंधारबावीवर, म्हणजे गडावरच्या जुन्या विहिरीवर, चार ओळी आहेत आणि त्या चारही ओळी तिथं फोटो कसे छान येतात याबद्दल आहेत. ‘गूढ प्रकाश’, ‘लग्नाआधीच्या शूटसाठी उत्तम जागा’. बाव कशासाठी बांधली, याचा एक शब्दसुद्धा नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची नात पुण्याहून माझ्याकडे आली होती. पाचवीतली पोर. चौथीच्या पुस्तकातला पन्हाळा तिला तोंडपाठ, सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू, सगळं धडाधडा सांगते. पण गड पाहिलेला नव्हता. म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीनं घेऊन गेले. मी स्वतः छत्तीस वर्षं शिक्षिका होते आणि दरवर्षी वर्गाची सहल पन्हाळ्याला न्यायची, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे मला ठाऊक आहे. सुरुवात अंबरखान्यापासून, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठारांपासून.

त्यातल्या गंगा कोठीत तिला मधोमध उभं केलं आणि वर बघ म्हटलं. सोळा खण आहेत, प्रत्येक खणाला छत आणि छताला भोक. बाहेरच्या पायऱ्यांनी वर चढायचं आणि त्या भोकांतून धान्य आत सोडायचं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी (खंडी म्हणजे धान्याचं जुनं माप) मावायचं, असं सांगतात. पोर बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे आज्जी, वेढा पडला तरी भाकरी मिळणार. पण पाणी?”

छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला. मी म्हटलं, चल, दाखवते.

अंधारबाव बाहेरून बघितली तर विहीर वाटतच नाही. काळ्या दगडाची तीन मजली इमारत, आणि पाणी सगळ्यात खाली, पोटात. वेढा घालणारा शत्रू आधी पाण्यावर नजर ठेवतो, विष कालवतो. म्हणून आदिलशाहीत विहिरीवरच ही इमारत उभी केली. भिंतीत पहारेकऱ्यांना बसायला कोनाडे, वळत जाणारा जिना, बाहेर निसटायला चोरवाट. 1660 साली महाराज मार्चपासून जुलैपर्यंत वेढ्यात होते. 12 जुलैच्या रात्री राजदिंडीच्या छोट्या दरवाजातून बाहेर पडेपर्यंत ते चार महिने गड कशावर तगला? अंबरखान्यावर आणि अशाच पाण्यावर. तिला हेच पाणी दाखवायचं होतं.

जिन्याच्या तोंडाशीच एका पोरानं हात आडवा धरला. “मावशी, पाच मिंटं थांबा की, शूट चालू हाय.” आत एक जोडपं उभं होतं, मुलीचा घागरा पायऱ्यांवर पसरलेला, आणि वळणावर गुलाबी धुराची नळकांडी पेटवलेली. पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. एक नळकांडी संपली की दुसरी. बंदिस्त जागा, धूर जाणार कुठं? तो जिन्यातून वर आमच्या अंगावर यायला लागला. पोर खोकायला लागली, डोळे चोळायला लागली. मी म्हटलं, अरे बाबा, संरक्षित स्मारक आहे हे, इथं धूर करू नका. तो म्हणाला, “सगळेच करत्यात.” उद्धटपणानं नाही बोलला, त्याला खरोखर तसंच वाटत होतं. मला जास्त त्रास त्याचा झाला.

शेवटी पोरीला घेऊन बाहेर आले. पायरीच्या कडेला एक विझलेलं नळकांडं पडलं होतं, पुठ्ठ्याचं, तोंड जळलेलं. त्याच्याभोवती दगडावर हाताच्या पंजाएवढा गुलाबी डाग. पदरानं पुसून बघितला. पदराला रंग लागला, दगडाचा गेला नाही. शत्रूनं पाणी नासवू नये म्हणून ज्यांनी एवढा दगड रचला, त्यांच्या जिन्यात आपलीच पोरं धूर कोंडतात, आणि काल तुमच्या लेखानं आणखी शंभर जणांना तिकडं धाडलं.

जुलै 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतच्या बारा किल्ल्यांत. तेव्हा तुमच्याच पेपरानं पहिलं पान भरून अभिमान मिरवला. मग आता पुरवणीत ‘दोन तासांत पन्हाळा उरकता येतो’ असं कसं छापता? सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, पुसाटी बुरूज, राजदिंडी. यांतलं दोन तासांत काय बघून होणार? झुणका-भाकर खाऊन परत यायला दोन तास पुरतात, तेवढंच.

माझ्या दोन विनंत्या आहेत. फोटोची दुरुस्ती छापा, आणि ती पुरवणीतच, ठळक, त्याच पानावर. आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. आणि अंधारबावीवर पुन्हा लिहाल तेव्हा ती पाण्यासाठी बांधली हे आधी लिहा, धूर पेटवू नका हे त्याच्या लगेच खाली.

अजून एक. वाचकांच्या पत्रांची जागा तुम्ही गेल्या काही महिन्यांत अर्धी केली आहे. पूर्वी पाच-सहा पत्रं यायची, आता दोन येतात, तीही मधूनच तोडलेली. माझ्या मागच्या पत्रातला रंकाळ्याबद्दलचा मुख्य भागच गेला होता. हे पत्र कापायचंच असेल तर राजदिंडी-रायगडाचं कापा, मला वाईट वाटणार नाही. अंधारबावीचा भाग तेवढा राहू द्या. पोर मे महिन्यात परत यायची आहे आणि खालचं पाणी तिनं अजून बघितलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर