70 पैकी 24 : तन्वीस पत्र

डिचोली

चि. तन्वीस अनेक आशीर्वाद,

फिजिक्समध्ये 70 पैकी 24 आले आणि तू दोन दिवस धड जेवली नाहीस, असं आत्या सांगत होती. आधी जेव आणि रात्री आठ तास झोप. उत्तरपत्रिका त्यानंतर उघड.

उघडलीस की पहिलं काम मोजणीचं. तुझे 46 गुण गेले, पण सगळे एकाच कारणाने गेलेले नसणार. कागदावर चार रकाने आख : आलंच नव्हतं; येत होतं पण तिथे आठवलं नाही; आठवलं पण लिहिताना चुकलं; वेळ पुरला नाही. गेलेला प्रत्येक गुण, अर्धासुद्धा, यातल्या एका रकान्यात टाक आणि बेरीज 46 भरते का पाहा. 'मला फिजिक्स जमत नाही' म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. रकान्यांकडे पाहून मात्र उद्या काय करायचं ते ठरवता येतं.

तिसऱ्या रकान्याचं आधी बघ, ते लवकर सुटतं. दोन विद्युतभारांमधलं बल काढायचं कूलोमच्या नियमाचं गणित घे. त्यात अंतराच्या वर्गाने भागायचं असतं. अंतर 10 सेंमी दिलं असेल तर ते 0.1 मी, आणि त्याचा वर्ग 0.01. मीटर करायला विसरून तसेच 10 घातलेस तर वर्ग 100 होतो आणि उत्तर 10,000 पटीने कमी येतं. म्हणून दिलेल्या सगळ्या किंमती डावीकडे योग्य एककांत लिहून घे, मग सूत्र, मग किंमती, शेवटी एककासह उत्तर. पायऱ्यांना गुण असतात. नुसतं उत्तर लिहिलंस आणि ते चुकलं तर हाती काहीच लागत नाही.

माझा अंदाज, दुसरा रकाना सगळ्यात मोठा निघेल. तू धडे तीन-तीनदा वाचतेस, खुणा करतेस, आणि पान ओळखीचं वाटतं म्हणजे आलं असं धरून चालतेस. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. आणि गंमत ही, की आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! परीक्षेआधी तुझाही भरवसा तसाच होता. आता उलट टोकाला जाऊन 'मी ढ आहे' म्हणतेस, तेही मोजून पाहिलेलं नाही.

तेव्हा 20 मिनिटं वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिही, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा कोरा कागद. पहिला कागद लालच लाल होईल, घाबरू नकोस. सगळे कागद तारीख घालून ठेव. लाल कमी होत गेलेलं तुला स्वतःलाच दिसेल. हे रोज पाऊण तास पुरे. बारा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावू नकोस, ते तिसऱ्या दिवशी मोडतं आणि वर मन खट्टू होतं.

वेळेचं गणित सोपं आहे. 180 मिनिटांतली 15 तपासायला ठेवली तर गुणामागे साधारण सव्वादोन मिनिटं मिळतात. 3 गुणांना सात, 5 गुणांना बारा. तेवढ्यात सुटलं नाही तर जागा सोडून पुढे जा.

हॉलमध्ये डोकं सुन्न झालं तर पेन खाली ठेव. धडधड वाढते ती अ‍ॅड्रेनलिनमुळे. शिवाय आपण एका वेळी डोक्यात फार थोडं धरू शकतो. ती जागा काळजीने भरली की तोच प्रश्न चारदा वाचूनही आत शिरत नाही. चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. असे दहा श्वास दोन मिनिटांच्या आत होतात. मग सगळ्यात सोप्या प्रश्नाचं नुसतं सूत्र लिही. हे घरी रोज अभ्यासाला बसताना करत जा, नाहीतर ऐन वेळी आठवायचं नाही.

चवथीला घरी आलीस की गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधता बांधता कोणीतरी मार्क विचारणारच. 'फिजिक्स वाईट गेला, त्याचंच करतेय' एवढं सांग आणि सुपाऱ्यांचा घोस पुढे कर. जास्त खोदलंच तर मी आहे. आकडा लपवू नकोस. लपवलास की चार दिवस तोच डोक्यात घोळत राहील.

येताना उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि भरलेले रकाने घेऊन ये. पहिल्या रकान्यातले धडे कुठल्या क्रमाने घ्यायचे ते आपण बसून ठरवू. पणजीहून संध्याकाळच्या कदंब बसला गर्दी असते, दुपारचीच धर.

तुझे,
बाबा