आई-बाबा, आता उत्तर देऊ नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर माझ्या आजाराबद्दल बोलायला घेतलं की मी मधेच "गॅस बंद आहे ना?" हा तोच प्रश्न विचारते, तुम्ही तेच उत्तर देता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पत्र.

बाबा, ते पेपरचे फोटो आठवतात? कॉलेजला निघताना मी गॅसचं बटण सात-आठदा बघायचे आणि बस चुकायची. मग तुम्ही युक्ती काढलीत, मी निघाले की बंद बटणाचा फोटो मला पाठवायचा. आठवडाभर झकास चाललं. नंतर मला शंका आली, हा फोटो कालचा तर नसेल? तेव्हा तुम्ही त्या दिवशीचा पेपर शेजारी धरून फोटो काढायला लागलात, ओलीस ठेवलेल्या माणसाचा काढतात तसा! आपण तिघंही हसलो होतो. पंधरा दिवसांत तोही उपाय संपला. फोटो काढल्यावर कुणाचा धक्का लागून बटण फिरलं असेल तर?

शंका गॅसची नव्हतीच, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, आपला जुना शब्द मंत्रचळ. नको असलेला विचार घुसतो, पोटात खड्डा पडतो, तो भरायला काहीतरी करावंच लागतं. केलं की बरं वाटतं, आणि सगळी गोम त्या बरं वाटण्यातच आहे. मेंदू हिशेब मांडतो की तपासलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी तपासायला लावतो. तुमचं "हो गं, बंद आहे" हे माझं तपासणंच होतं, फक्त तुमच्या तोंडून.

आई, तुला एक गोष्ट कधीच सांगितली नाही. तू ओट्याशी असलीस की मी भाजी चिरायला यायचे नाही. कामचुकार म्हणायचीस, मी ऐकून घ्यायचे. सुरी हातात घेतली की मनात यायचं, ही आईला लागली तर? मीच मारली तर? मी स्वतःला राक्षस समजत होते. मानसोपचारतज्ज्ञांना हे सांगताना माझे हात कापत होते, आणि त्यांनी नुसती मान डोलावली, जणू मी सर्दी झाल्याचं सांगितलं. असे विचार बहुतेकांच्या मनात येऊन जातात. रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली ते अभ्यासून दाखवलंय. इतरांच्या मनातून तो विचार निघून जातो, माझ्यासारखे त्याला धरून चौकशी करत बसतात. आणि जे जिवापाड जपतो, नेमकं त्याचंच भय हा आजार घालतो. तुझंच घातलं, यातच काय ते समज.

तुझ्या स्वच्छतेमुळे मला हे झालं, असं तू मावशीला म्हणालीस. नाही गं. थोडं आनुवंशिक असतं, मेंदूच्या जडणघडणीचा भाग असतो, पण फरशी दोनदा पुसल्यामुळे कुणाला ओसीडी होत नाही. गोळ्यांचीही धास्ती नको. त्यांचा परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करायच्या नसतात.

खरी मेहनत थेरपीची. तिचं मूळ 1966 साली मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी लंडनमध्ये केलेल्या उपचारांत आहे. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढंच. एवढंच म्हणते, पण पहिल्या दिवशी कुलूप एकदाच लावून जिना उतरले तेव्हा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. भीतीला शंभरपैकी किती गुण, असं थेरपिस्टने विचारलं. नव्वद. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, बाकावर बसलो. मी तीनदा उठले, तीनदा बसले. पाऊण तासाने पन्नास. भीती माझ्या मदतीशिवाय उतरते, हे मी त्या बाकावर पहिल्यांदा पाहिलं. कधी उतरत नाहीही. तेव्हा ती सोबत घेऊनच कामाला जायचं, हेही शिकते आहे.

पूर्ण बरी झाले असं नाही. गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये ताण होता, तर हात पुन्हा कोपरापर्यंत धुतले गेले. पण पूर्वी दिवसाचे चार-पाच तास यात जायचे, आता तासाच्या आत आटपतं.

आता मागणं. मी विचारलं, "बंद आहे ना?" तर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. "हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे, आम्ही त्याला उत्तर देणार नाही" असं म्हणा आणि दुसरं काहीतरी बोलायला लागा. मी चिडेन, रडेनही. आई, तुला हे बाबांपेक्षा जड जाईल, माहीत आहे. रागावून बोलू नका आणि "सोडून दे ना डोक्यातून" तर अजिबात नको. सोडता आलं असतं तर हे पत्र कशाला लिहिलं असतं!

रविवारी येते आहे. आई, भाजी मी चिरेन, तू शेजारीच उभी राहा. संध्याकाळी फिरायला निघताना कुलूप मी लावेन. बाबा, तुम्ही पुढे व्हा, जिना उतरा, आणि मी हाक मारली तरी मागे वळून बघू नका.

तुमची,
सोनू