डोंगरावरच्या झऱ्यांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राकसकोप जलाशयाची पातळी २४७५ फुटांवर गेली की ती बातमी आपल्या पानावर ठळक येते आणि बेळगावकरांचा पाण्याचा घोर मिटतो. मी त्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहते. या जलाशयाला पाणी देणारी मार्कंडेय नदी बैलूरच्या डोंगरात उगम पावते. त्याच बाजूच्या एका उतारावर आमचे कौलारू घर आहे. खाली भाताच्या पट्ट्या, घराशेजारी काजू आणि फणस, आणि वर उघडा माळ. हे पत्र त्या माळासाठी आहे.

पावसाळ्यात जांबोटी-चोर्ला रस्त्याने फिरायला येणारे लोक धुके आणि धबधबे पाहून जातात. माळाकडे कोणी बघत नाही, कारण तिथे बघण्यासारखे काही दिसत नाही. खुरटे गवत, करवंदीच्या जाळ्या, पावसाने काळा पडलेला जांभा दगड. पण आमचे पाणी तिथेच साठते. जांभा फोडला की आत मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. मिरगापासूनचा पाऊस त्यांतून खाली मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थराला अडतो आणि आडवा सरकत उतारावर झरा होऊन बाहेर पडतो.

आमच्या घरामागे असा एक झरा आहे. तोंडाशी केळीच्या सोपाची पन्हाळी, खाली हातभर खोल दगडी डबके, कडेला नेचे, दगडांच्या फटींत खेकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा चैत्रातसुद्धा पन्हाळीखाली घागर ठेवून डोईवरची चुंबळ नीट करेपर्यंत ती भरून वाहायची. गणपतीत गौर आणायला आम्ही बायका तिथेच जातो. गौरीचा तेरडा माळावरचा आणि पाणी या झऱ्याचे. यंदा एप्रिलमध्ये मी तीच घागर लावून काजूच्या बिया वेचायला गेले. अर्धी बुट्टी बिया घेऊन परत आले, तरी पाणी घागरीच्या गळ्यापर्यंत आले नव्हते.

पाऊस कमी झाला म्हणावे तर आमच्याकडे जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. माझ्या मते कारण वर आहे. गेल्या तीन वर्षांत माळाला जेसीबी लागला. भरावासाठी, रस्त्यासाठी मुरूम काढता काढता जांभ्याचा वरचा थर खरवडला गेला. तिथे पडलेला पाऊस आता मुरत नाही, तांबडा गाळ घेऊन थेट ओढ्यात जातो. जूनमधले गढूळ पाणी आम्हाला नवीन नाही, पण हल्ली ते गणपती आले तरी निवळत नाही. हा गाळ शेवटी खालच्या जलाशयातच जाऊन बसणार. म्हणून ही बाब शहरातल्या वाचकांपुढेही मांडते आहे.

दुसरे कारण वणव्याचे, आणि ते आमच्यातलेच आहे. जाळलेल्या माळावर गवताला लवकर कोंब फुटतो, हे खरे आहे. सासऱ्यांच्या पिढीतही जाळायचे. पण पाला जळतो, गवताचे ठोंब उघडे पडतात आणि पहिल्या वळवालाच माती धुऊन जाते. गुरे कमी झाली तरी काडी ओढायची सवय मात्र सुटलेली नाही. हे बोलले की शेजारी रागावतात, तरी बोलावे लागते.

मुरमाची तक्रार घेऊन मी गेले तेव्हा उतारा काढून दाखवण्यात आला. ती जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, लागलेली आहे, झऱ्याचा कुठे उल्लेख नाही. चार घरांना आणि त्यांच्या गुरांना इतकी वर्षे पाणी पाजणारी जागा कागदावर खराब आहे, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले.

आपल्या खानापूर तालुक्यात पाण्याची चर्चा काही कमी होत नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला जाते, तर भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई पश्चिमेकडे वळून गोव्यात मांडवी होते. त्या म्हादईच्या पाण्यावरून राज्ये भांडली, २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे सांगण्याइतकी मी जाणकार नाही. एवढेच म्हणते की या नद्यांना पाणी पुरवणारे झरे आमच्या माळांखाली आहेत आणि ते कोणी मोजल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातले बारमाही झरे नोंदवून घ्यावेत. झऱ्याच्या वरच्या माळावर मुरूम काढायला परवानगी देऊ नये. उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामांत गटारे होतात, तशीच गवत वाळण्याआधी माळाच्या कडेने जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढण्याचे आणि उतारावर चर खोदण्याचे काम घ्यावे. गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळेल आणि झरा कुठे आहे हे त्यांना सांगावेही लागणार नाही.

पाहणीला यायचे तर चैत्र-वैशाखात यावे. पावसाळ्यात इथे प्रत्येक दगडाखालून पाणी निघते, त्यात बारमाही कोणता हे कळत नाही. मोजायला घागर मी देते.

आपली,
एक शेतकरी वाचक,
जांबोटी परिसर, ता. खानापूर