मॅडम, वही अजून चालू आहे

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र तुमच्या हातात द्यायचं होतं. पण दिवसभर गादीवर बसून धंदा करणारे आणि रात्री आरशासमोर स्वतःला शिव्या घालणारे माझ्यासारखे कितीतरी जण सोलापुरात आहेत. त्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहितोय.

तुमच्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आलो तेव्हा वय 47, वजन 98 किलो आणि बीपीची गोळी चालू. त्याआधी वजन उतरवायला एका ठिकाणी पैसे भरून गेलो होतो. तिथे दर सोमवारी सगळ्यांदेखत काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. वाढलेला असला की, "काय साहेब, आठवडाभर हात मारला वाटतं!" भाकरी बंद, शेंगा चटणी बंद. तीन महिन्यांत सहा किलो उतरले, पुढच्या पाच महिन्यांत आठ चढले. दोष माझाच, असं मी धरून चाललो होतो.

तुम्ही पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकरी ताटात परत आणलीत. चटणीलाही नाही म्हणाला नाहीत. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात एवढं सांगून म्हणालात, वाटीने नको, चमच्याने घ्या. आणि एक वही दिलीत. डाव्या पानावर काय खाल्लं ते, उजव्या पानावर खाल्ल्यानंतर मनात स्वतःला काय म्हणालो ते. जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलं, पण असला रकाना मी कधी आखला नव्हता.

मग संक्रांत आली. एका बैठकीत पाच शेंगा पोळ्या, वर तूप. संध्याकाळी पोरांबरोबर होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत भजी आणि जिलेबी. सकाळी काटा दोन किलो पुढे. गेलंच आहे सगळं, आता कशाला जपायचं, म्हणून पुढचे दहा दिवस सुटल्यासारखा खात राहिलो. तुमची तारीख चुकवली, फोन उचलला नाही. तेव्हा तुमचा निरोप आला, "काटा कपाटात ठेवलाय. नुसती वही घेऊन या."

त्या दिवशी तुम्ही उजवं पान वाचलंत. 'हावरट. लाज नाही. जन्मात जमणार नाही.' थोडा वेळ काही बोलला नाहीत, मग चादरीचा विषय काढलात. डिसेंबरात तुम्ही आईंसाठी चादर घ्यायला दुकानात आला होतात. नेमकं तेव्हाच कामावरच्या पोराने एका गठ्ठ्यात दहाऐवजी आठच नग बांधले होते आणि गठ्ठा गाडीत चढायला निघाला होता. मी त्याला म्हणालो होतो, "बस जरा. पाणी पी. आता गाठ सोड आणि परत मोज." मी ते विसरूनही गेलो होतो, तुम्हाला मात्र शब्दन् शब्द आठवत होता. तुम्ही विचारलंत, "तुला जन्मात जमणार नाही, असं त्याला म्हणाला असतात, तर त्याने परत नीट मोजलं असतं का?"

मला बोलवेना. तुम्ही पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवलात.

नंतर तुम्ही हिशेब मांडलात, तो माझ्यासारख्याला लगेच पटला. दोन किलो चरबी चढायला पंधरा हजारांच्या आसपास जादा कॅलरी लागतात, एका दिवसात तेवढ्या माझ्या पोटात गेल्याच नव्हत्या. काट्यावर दिसत होतं ते बहुतेक मीठ आणि साखरेपिठाबरोबर अंगात धरून ठेवलेलं पाणी. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांचा 2007 सालचा प्रयोगही सांगितलात. मुलींना आधी डोनट खायला दिला. मग काहींना सांगितलं, सगळेच असं खातात, स्वतःला फार बोल लावू नका. पुढे चॉकलेट-गोळ्या समोर ठेवल्या, तेव्हा कडक पथ्य पाळणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे सांगितलं होतं, त्यांनी कमी खाल्ल्या. मला वाटायचं, स्वतःवर माया केली की माणूस सैल सुटतो. सुटलो होतो तो शिव्या घालूनच.

आणि तुम्ही सूटही दिली नाहीत. उठता उठता विचारलंत, "उद्या चालायला किती वाजता?" मी म्हणालो, साडेसहा, सिद्धेश्वर तलाव. ते वहीत माझ्याच हाताने लिहून घेतलंत.

आता चौदा महिने झाले. वजन 90 आहे. पूर्वीचा मी म्हणालो असतो, आठच किलो? पण डॉक्टरांनी बीपीच्या गोळीची मात्रा कमी केलीय आणि दुकानाचा जिना चढताना मधे थांबावं लागत नाही. यंदाच्या संक्रांतीला तीन शेंगा पोळ्या खाल्ल्या. उजव्या पानावर लिहिलंय, 'खमंग होत्या. रात्री भाकरी आणि पालेभाजी.' ही तिसरी वही.

तुमचे आभार कसे मानावेत ते मला नीट कळत नाही. मंगळवारी वही घेऊन येतो. आईंची चादर एव्हाना धुऊन धुऊन मऊ झाली असेल. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आपला,
नव्या पेठेतला चादरवाला