अंतराला वेगाने भागून उड्डाणाची वेळ निघत नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातील पर्यटन पुरवणीत ‘मॉरिशस ते रॉड्रिग्ज : अंतर सुमारे 600 किलोमीटर, विमानाने 45 मिनिटे’ असे छापून आले आहे. अंतराबद्दल तक्रार नाही. वेळ मात्र कुणीतरी 600 ला ताशी 800 ने भागून काढलेली दिसते. विमानांची वेळापत्रके आखण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे राहवले नाही.

ताशी 800 हा मोठ्या जेटचा, तोही उंचीवर स्थिरावल्यानंतरचा वेग. रॉड्रिग्ज हे हिंद महासागरातले छोटे बेट; तिथली धावपट्टी आखूड, म्हणून तिथे एटीआर 72 हे पंख्यांचे विमान जाते. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. म्हणजे नुसत्या हवेतल्या प्रवासालाच सव्वा तास हवा. समोरून ताशी 50 चा वारा असेल तर 80 मिनिटे, तोच पाठीशी असेल तर 65. शिवाय आमचे घड्याळ विमान हवेत गेल्यावर सुरू होत नाही. विमान सरकू नये म्हणून चाकांना लावलेले अडसर, म्हणजे चॉक, काढले, विमान जागचे हलले की ते सुरू होते आणि पोहोचल्यावर चॉक पुन्हा लागेपर्यंत चालते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, उतरण्याआधीचा वळसा, सगळे त्यातच. म्हणून वेळापत्रकात साधारण दीड तास असतो, आणि तो फुगवलेला नसतो.

अंतर जितके कमी, तितका हा भागाकार जास्त फसतो. अमेरिकेच्या हवाई बेटांतले होनोलुलू ते माउई बेटावरचे काहुलुई हे अंतर जेमतेम 160 किलोमीटर. भागाकार म्हणतो 12 मिनिटे. वेळापत्रकात पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ असते, आणि तिथे तर जेटच उडते! पण अमेरिकेत 10,000 फुटांखाली 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. विमान वर चढून वेग घेते न घेते तोच उतरणीला लागते.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही तर जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी. अंतर 2.7 किलोमीटर. भागाकाराने 12 सेकंद! वेळापत्रकात 2 मिनिटे आहेत. वारा अनुकूल असताना 53 सेकंदांत पोहोचल्याचा विक्रम आहे, पण त्या भरवशावर कुणी वेळापत्रक छापत नाही.

बेटांच्या बाबतीत आणखी एक अडचण. रॉड्रिग्जला उतरता आले नाही, तर जवळचे दुसरे विमानतळ म्हणजे पुन्हा मॉरिशसच. तेवढे इंधन बरोबर ठेवावे लागते, आणि हवा वाईट असेल तर विमान निघतच नाही. 45 मिनिटांच्या हिशेबाने पुढचे विमान गाठायला निघालेल्या वाचकाची पंचाईत होईल.

तेव्हा यापुढे उड्डाणाची वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातून घ्यावी आणि शेजारी विमानाचा प्रकारही द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विमानसेवा कर्मचारी