उल्हासची पूररेषा नकाशावरून भिंतीवर आणा

प्रति,
मा. पालकमंत्री, ठाणे जिल्हा
प्रत : मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : उल्हास नदीची निळी व लाल पूररेषा वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष रंगवून दाखवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि बदलापुरात राहते. माझी मागणी एकच आहे. उल्हास नदीच्या पुराची निळी आणि लाल रेषा सरकारी नकाशावर आहे. ती विजेच्या खांबांवर, इमारतींच्या भिंतींवर, शाळा-महाविद्यालयांच्या फाटकांवर आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला रंगवून घ्या. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी हजारो मुलं शिकायला येतात, भाड्याने राहतात आणि शिक्षण संपलं की निघून जातात. त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

जुन्या बदलापूरकराला पुराचं ज्ञान असतं. हेंद्रेपाड्यात, वालिवलीत, बॅरेज रोडच्या परिसरात कोणालाही विचारा, "२००५ला पाणी इथवर होतं," असं म्हणून तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पावसाचा जोर पाहून तो रात्रीच दुचाकी उंच जागी लावतो, गॅसचं सिलिंडर माळ्यावर चढवतो. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही, ते माणसांमध्ये आहे. विद्यार्थी मात्र जळगावहून, नंदुरबारहून, बीडहून येतो. कर्जत लाइनवर भाडं परवडतं म्हणून कल्याणच्या पुढे खोली शोधतो. प्रवेशाचा हंगाम जून-जुलैचा, म्हणजे भर पावसाळ्याचा. त्या घाईत एजंट त्याला तळमजल्यावरची खोली दाखवतो. भाडं कमी असतं, भिंतींना नवा रंग दिलेला असतो. ते कमी का आणि रंग नवा का, हे विचारण्याइतकी त्याची गावाशी ओळख झालेली नसते. तीन वर्षांनी तो पदवी घेऊन जातो आणि त्याच खोलीत तसाच अनोळखी मुलगा येतो. ज्या गावातले इतके रहिवासी दर तीन-चार वर्षांनी बदलतात, त्या गावाला पूर लक्षात ठेवण्यासाठी माणसांच्या आठवणीवर विसंबता येत नाही.

आता माझ्या विषयाकडे वळते, कारण इथे एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं क्षेत्र बांधकामासाठी निषिद्ध, दोन्ही रेषांमधलं नियंत्रित. "२००५ला येऊन गेलाय, आता २०३०पर्यंत काळजी नाही," असं मला एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी सांगितलं होतं. मग २०१९ आलं आणि पाठोपाठ २०२१. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता, आणि ही शक्यता काल पूर येऊन गेला म्हणून आज कमी होत नाही. निळ्या रेषेवर तीन वर्षं राहणाऱ्या मुलाला त्या मुदतीत एकदा तरी असा पूर बघावा लागण्याची शक्यता ११.५ टक्के निघते, म्हणजे साधारण नऊ मुलांमागे एक. अभियांत्रिकीची चार वर्षं धरली तर १५ टक्के. त्याच जागी २० वर्षांच्या कर्जावर घर घेणाऱ्या कुटुंबाची शक्यता ५६ टक्क्यांवर जाते. इतकंच काय, लाल रेषेवरच्या घरालाही २० वर्षांत १८ टक्के धोका असतो. हे गणित पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवलं जातं. पण घर भाड्याने देताना, विकताना, प्रवेश देताना ते कोणीच कोणाला सांगत नाही.

उल्हास ही मोठी नदी नाही. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत ती कल्याणच्या खाडीला मिळते. सगळी लांबी १२२ किलोमीटरच्या आसपास. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कोणालाही वाटणार नाही, पण घाटमाथ्यावर रात्रभर कोसळला की तिचं पाणी तासातासाने चढतं. कर्जतला काय झालं ते काही तासांनी बदलापूरला कळतं. तिथून खाली बारवी येऊन मिळते. बारवी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते उघडतात आणि ते पाणीही उल्हासमध्येच येतं. कल्याणला काळू येते, ती भातसाचं पाणी घेऊन येते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर हे सगळं पाणी समुद्राकडे जाईना म्हणून मागे तुंबतं. रायत्याचा पूल पाण्याखाली गेला की कल्याण-मुरबाड रस्ता बंद. मोहिलीच्या उदंचन केंद्रात पाणी शिरलं की कल्याण-डोंबिवलीचे नळ कोरडे. अंबरनाथ-उल्हासनगरातून येणाऱ्या वालधुनी नदीबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात हे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात. "पाणी १७.१०वर." तळमजल्यावरच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीने याचं काय करायचं? तिच्या उंबऱ्याची पातळी किती, हे तिला माहीत नाही. घरमालकालाही माहीत नसते. शिवाय नदीचं पाणी बंधाऱ्यातल्या पाण्यासारखं सपाट नसतं, ते उताराने वाहतं. मोजपट्टीजवळ जो आकडा आहे तो दोन किलोमीटर वर किंवा खाली लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीत तिथली खूण हवी. "पट्टीवर १७.५० झालं की या चौकात पाणी येतं" असं त्या चौकातच लिहिलेलं हवं. हवामान खात्याचा रेड अलर्ट आपल्या कामाचा आहेच, पण तो संपूर्ण ठाणे जिल्ह्याला एकदम मिळतो. कोपरीच्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला आणि वांगणीच्या नदीकाठच्या चाळीतल्याला एकच संदेश येतो. पहिला खिडकीतून पाऊस बघतो, आणि वर्षभरात असे चार-पाच संदेश पाहून दुसराही तेच करायला शिकतो.

सांगली-कोल्हापूरकडे पाहा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीला आयर्विन पुलावर ४० आणि ४५. तिथल्या शाळकरी पोरालाही किती फुटांवर कुठल्या पेठेत पाणी शिरतं ते तोंडपाठ असतं, आणि त्या हिशेबाने माणसं सामान हलवतात. पूर तिथेही नुकसान करतो, फार मोठं करतो. पण आकडा आणि आपलं घर यांचा संबंध तिथल्या माणसाला कळतो. आपल्याकडे तो जोडलेला नाही.

२७ जुलै २०१९ची पहाट आपल्याला आठवत असेल. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी, त्यांत नऊ गर्भवती महिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आलं, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशी बचाव पथकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी जे केलं त्याबद्दल मनात आजही आदर आहे. पण साऱ्या देशाचे कॅमेरे त्या गाडीवर होते, तेव्हा त्याच पाण्यात नदीकाठच्या खोल्यांमध्ये पुस्तकं, लॅपटॉप आणि गुणपत्रिका भिजत होत्या. २००५चा पूर २६ जुलैचा, २०१९चा २७चा, २०२१चा २२चा. तिन्ही जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत आले, नव्या मुलांनी खोलीत सामान लावलेलं असतं नेमक्या त्याच दिवसांत. माझ्या एका विद्यार्थिनीची दहावीपासूनची सगळी मूळ कागदपत्रं एका रात्रीत लगदा झाली. जातीचा दाखला पुन्हा काढायला तिला गावी जावं लागलं, तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत गेली. पंचनाम्यात तिचं नाव नव्हतं. भाडेकरूचं नाव त्या घराच्या शिधापत्रिकेवर नसतं, मग नुकसान कोणाचं म्हणून लिहायचं? घरमालकाच्या भिंती नोंदल्या गेल्या, तिचं काहीच नोंदलं गेलं नाही.

मला याला होणारा विरोध माहीत आहे आणि तो मी कमी लेखत नाही. भिंतीवर रेषा रंगवली की त्या घराची किंमत पडेल. ज्यांनी आयुष्यभराची कमाई घालून, सर्व परवानग्या पाहून, बँकेचं कर्ज काढून घर घेतलं, त्यांच्या दारात सरकारने येऊन धोक्याची खूण काढायची, हे त्यांना अन्यायाचं वाटेल. निळ्या रेषेत आलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडतो ही भीतीही खरी आहे. माझे शेजारी या काळजीने रात्र रात्र झोपत नाहीत. त्यांच्या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर द्यावं लागेल आणि ते सरकारनेच द्यायला हवं, पुनर्वसनाच्या किंवा वाढीव चटईक्षेत्राच्या मार्गाने, जो योग्य असेल त्या. पण त्यासाठी रेषा लपवून ठेवणं हा उपाय होऊ शकत नाही. रेषा लपवली म्हणून पाणी थांबत नाही. फक्त तोटा जुन्या मालकाकडून नव्या भाडेकरूकडे सरकतो. आणि तो भाडेकरू बहुतेक वेळा एकोणीस वर्षांचा असतो, इथला मतदार नसतो, म्हणून त्याची बाजू मांडायला कोणी येत नाही. पालक म्हणून आपण यावं, एवढीच विनंती आहे.

खर्चाचं म्हणाल तर तो रंगाचा आहे. पातळ्या मोजण्याचं काम मुलंच करू शकतात. कर्जत-भिवपुरीपासून कल्याणपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, स्थापत्य शाखेच्या प्रत्येक विभागात उंची मोजायची लेव्हल आणि स्टाफ ही साधनं आहेत, सर्वेक्षण हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मुंबई विद्यापीठाचं कल्याण उपकेंद्र तर गांधाऱ्यातच आहे, नदीपासून जवळ. राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं आहेत. जलसंपदा विभागाने अधिकृत पातळ्या आणि एक अभियंता द्यावा, महानगरपालिका-नगरपालिकांनी भिंती रंगवण्याची परवानगी द्यावी, बाकी आम्ही शिक्षक मुलांना घेऊन उभे राहतो. खुणा एकदा रंगवून झाल्या की दर मे महिन्यात त्यांवर पुन्हा हात फिरवणं हे पथकांचं नेहमीचं काम होऊ शकेल.

या रेषेला दोन गोष्टींची जोड हवी. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात, ही खोली कोणत्या पूररेषेत येते याची एक ओळ सक्तीची करावी. करार नोंदवताना ती भरली नसेल तर नोंदणी होऊ नये. आणि पूर ओसरल्यावर पंचनाम्यात भाडेकरू विद्यार्थ्याला स्वतंत्र नोंद मिळावी, भिजलेल्या दाखल्यांच्या दुय्यम प्रतींसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक खिडकी असावी, म्हणजे कोणाला परीक्षा किंवा शिष्यवृत्ती गमवावी लागणार नाही.

वांगणीचा उल्लेख मुद्दाम वेगळा करते. तिथे दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. रंगवलेली रेषा त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी नदीकाठच्या वस्त्यांत भोंगा आणि मराठीतून स्पष्ट बोलून दिलेली सूचना हवी. ती रात्री दोनलाही दिली गेली पाहिजे आणि त्यात वस्तीचं नाव घेतलं गेलं पाहिजे. जिल्ह्याचा १०७७ हा मदतीचा क्रमांकही रेषेखालीच मोठ्या अक्षरांत लिहावा.

पुढची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी, म्हणजे मे अखेरीपर्यंत, निदान बदलापूर, वांगणी आणि कल्याणच्या नदीकाठी हे काम पूर्ण व्हावं. त्यासाठी जिल्हाधिकारी, जलसंपदा विभाग, संबंधित नगरपालिका-महानगरपालिका आणि महाविद्यालयांचे प्राचार्य यांची एकत्र बैठक आपण बोलवावी. बैठकीची तारीख कळवलीत तर नदीकाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांचे प्रतिनिधी आणि मोजणीसाठी तयार असलेले विद्यार्थी यांना घेऊन मी स्वतः हजर राहीन.

आपली नम्र,
बदलापूरची रहिवासी, एक महाविद्यालयीन शिक्षिका